चेलेलचं संध्याकाळचं दूध

"कोरड्या महिन्यांत गाईचं फक्त संध्याकाळचंच दूध का आटतं?"

हा प्रश्न मी दूध सोसायटीच्या सभेत उभं राहून, सगळ्या बाप्यांसमोर विचारला. मी विचारते की नाही यावर माझ्या मैत्रिणींनी, जेरुतो आणि मॉरीनने, आठवडाभराच्या मांदाझी पैजेवर लावल्या होत्या, शाळेच्या फाटकापाशी तेलातून काढून गरम गरम मिळतात त्या. जेरुतो म्हणाली होती, "वर्गात काय, कोणीही बोलतं. तिथे बोलून दाखव."

सभा दूध थंड करायच्या टाकीमागे, निलगिरीच्या सावलीत भरली होती. बाकांवर पुरुष, मागे गवतावर बाया, आणि त्यांच्याही मागे कुंपणाला टेकून आम्ही तिघी. चारा शिकवायला सोसायटीने डोंगराखालून वेकेसा नावाचा माणूस आणला होता. "कोणाला काही विचारायचंय का?" असं तो म्हणाला आणि मॉरीनने मला कोपराने ढोसलं.

आमच्या नांदी लोकांत सकाळचं दूध घरधन्याचं, ते कॅनमधून सोसायटीला जातं. संध्याकाळचं बाईचं. त्यातून चहा होतो, पोरं पितात, उरलेलं ती भोपळ्याच्या तुंब्यात मुरवते, कोणाला द्यायचं तर देते, तिला कोणी विचारत नाही. जानेवारी लागला, गवत करपलं, सकाळचा कॅन भरेना झाला, की संध्याकाळचंही त्याच कॅनमध्ये जातं. पण तसं कोणी बोलत नाही. म्हणायचं, संध्याकाळचं आटलं. आईचा तुंबा मग पाऊस पडेपर्यंत भिंतीवर उलटा टांगलेला.

पुढच्या बाकावरचा एक जण मागे वळला. "किरवाची ना ही पोरगी? किरवा, तुझ्या गाईला दोन कासा आहेत काय रे? एक सकाळची, एक संध्याकाळची?"

पुरुष हसले. बायाही हसल्या, पण खाली बघून हसल्या, आणि ते हसणं वेगळं होतं. बाबा बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. त्यांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि परत घातली.

वेकेसाला आमची वाटणी काय ठाऊक. त्याने सरळ उत्तर दिलं. "चारा आटतो म्हणून दूध आटतं. आत्ता गवत एवढं माजलंय की गुरं तुडवून जातात. आत्ताच कापा. थोडं सुकू द्या, बारीक चिरा, खड्ड्यात दाबून भरा, हवा बंद करा. त्याचा मुरघास होतो. जानेवारीत गाय रसरशीत चारा खाईल."

"कुठलं गवत?" मी अजून उभीच होते.

"मिळेल ते. तीन घमेली गवत, तर एक घमेलं शेंगांच्या जातीचे वेल. नुसत्या गवतात दम नसतो आणि नुसत्या वेलांचा चिखल होतो."

"बस की आता खाली," कोणीतरी म्हणालं. मी बसले. जेरुतोने तिथल्या तिथे एक मांदाझी माझ्या हातात ठेवली. गार होती, पण काय लागली.

परतताना बाबा पुढे चालत होते. त्यांच्या गमबुटांचा चपक चपक आवाज येत होता. ओढ्यापाशी ते थांबले. "आईने शिकवलं का हे विचारायला?"

"नाही. जेरुतोने."

"जेरुतोला बाप नाही. तिला कोणाची टोपी सांभाळायची नसते."

घरी आल्यावर चुलीपाशी आई उगालीसाठी मक्याचं पीठ घोटत होती. बाबा दारातच उभे राहिले. "सलीना, तुझ्या लेकीला खड्डा करायचाय. करू दे. माझ्या हत्तीगवताला मात्र हात लावायचा नाही, ते मी माझ्या वेळेला कापणार. खड्ड्याच्या चाऱ्यावर आपली चेलेल गाय जानेवारीत टिकली, तर संध्याकाळ तुमची. पाऊस येईपर्यंत."

आईने घोटणं थांबवलं नाही. "कॅनला जाणार नाही?"

"नाही जाणार. किरवाने सांगितलं."

बाबा स्वतःचं नाव घेऊन बोलले, की ते बोलणं पक्कं, असं आमच्या घरात होतं.

*

आईच्या मालकीचं गवत कुठेच नव्हतं. त्यामुळे सगळीकडचं थोडं थोडं आमचं होतं. रस्त्याच्या कडेचं लांब पात्यांचं गवत. ओढ्याकाठी आपसूक वाढलेलं हत्तीगवत, जे कोणी लावलं नव्हतं म्हणून कोणाचं नव्हतं. मक्याच्या ओळींतून पसरलेला तो चिकट वेल, ज्याच्या शेंगा कपड्यांना धरून घरापर्यंत येतात. ताबुतनी मावशीच्या कुंपणावरचे वालाचे वेल. ताबुतनी मावशी म्हणजे जेरुतोची आई. शेजारीच राहते, नवरा गेल्यापासून तिचं सकाळचंही दूध तिचंच आणि संध्याकाळचंही, पण गाय एवढी वाळकी की दोन्ही मिळून चहाला पुरतं.

"कापायला येते मी," ती म्हणाली. "मला काही नको. चहा दे."

चर्चच्या आवारात गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. राखणदाराने फाटक अडवलं. "हे देवाचं गवत आहे."

"देवाची गाय कुठंय?" मी विचारलं.

आईने मला मागे ओढलं आणि त्याला म्हणाली, "भाऊ, आवार साफ करून देते. पायऱ्यासुद्धा झाडते." तो आमच्याकडे बघत उभा राहिला आणि आई खरंच पायऱ्या झाडत बसली, वाकून, सगळ्या रविवारच्या बाया समोरून जात असताना. तिच्या बहिणीची सासूही त्यांत होती. "सलीना, नोकरी लागली वाटतं," ती म्हणाली. आईने केरसुणी एकदा आपटली आणि पुढची पायरी घेतली. मी तोवर तीन भारे बांधले. रागात कोयता छान चालतो.

पात्यांनी माझे हात कापले होते, घामाने ते चुरचुरत होते. मानेत कुसं गेली होती. मॉरीनला वेलांची खाज उठली, तर ती म्हशीसारखी कुंपणाच्या खांबाला पाठ घासत उभी. दुपारी डोंगरावर काळं व्हायला लागलं, की सुकायला पसरलेलं सगळं धावत उचलायचं, कारण आमच्याकडे त्या दिवसांत गारा पडतात. एकदा उचलेपर्यंत पडल्याच. डोक्यावर भारा घेऊन पळताना त्या भाऱ्यावर टपटपत होत्या आणि जेरुतो खालून ओरडत होती, "लोकांच्या डोक्यावर छत्री, माझ्या डोक्यावर जेवण."

खड्डा मी आणि आईने गोठ्याशेजारी खणला. माझ्या कमरेइतका खोल, माणूस झोपेल त्याहून बराच लांब. लाकडाच्या ओंडक्यावर गवत धरायचं आणि कोयत्याने बोटाच्या पेरांएवढं चिरत जायचं. ताबुतनी मावशी आणि आई समोरासमोर बसल्या, खटखट खटखट, दोघींचा ताल एकच. जेरुतो आणि मॉरीन घमेली आणून ओतत होत्या. तीन गवताची, एक वेलांचं. ऊसपट्ट्यातून आणवलेली काळी मळी पाण्यात कालवून मी झाऱ्याने शिंपडत होते आणि खड्ड्यात उतरून अनवाणी तुडवत होते. घोट्यापर्यंत चिकट झाले होते मी. माश्या मला गूळ समजत होत्या.

खड्डा अर्धा भरला आणि कुगो आले.

*

कुगो बाबांचे चुलते. आमच्या सगळ्या वाडीचे आजोबा. काठी, जुना कोट, लांबवलेल्या कानांच्या पाळ्या. ते काठावर येऊन उभे राहिले आणि आत बघत राहिले. चिरण्याचा आवाज थांबला.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, कुगो. गाईचा चारा आहे."

"खड्डा माणसाच्या मापाचा. आत हिरवं गवत. आणि वर तू नाचतेस."

"नाचत नाही, तुडवतेय. हवा राहिली तर सडतं."

"गवत हातात धरायचं असतं, पोरी. पायाखाली नाही. लढाईत माणसाने गवत उपटून धरलं तर त्याच्यावर भाला चालत नव्हता. तुझ्या बापाला लहानपणी मी काठीने मारायला निघालो, तर हा खोंड गवतात लोळण घेऊन मूठभर उपटायचा. मला काठी टाकावी लागायची." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "वर ये. हे काढा सगळं बाहेर. पुरलेलं गवत खाणाऱ्या गाईचं दूध मी या घरात पिणार नाही."

आई उठून उभी राहिली. तिचं तोंड उतरलं होतं. कुगोंनी एखाद्या घरचं दूध सोडलं, तर त्या घरी आणखी कोण येऊन बसणार? मी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मला खूप भीती वाटत होती, हे खरं. पण पाय त्या गवतात इतके घट्ट बसले होते की वर यायचं मनात येईना. मी वाकले, खड्ड्याच्या काठावरचं जिवंत गवत मूठभर उपटलं आणि हात वर केला.

"कुगो, मी गवत धरलंय. आता मला कोणी ओढून काढू शकत नाही."

मॉरीनच्या हातून घमेलं पडलं.

कुगो माझ्या मुठीकडे बघत राहिले. "गवत धरून माफी मागतात. भांडत नाहीत."

"माफीच मागतेय. गवताची." आणि मी एक पाऊल टाकलं, दाबलं, दुसरं टाकलं, दाबलं. एक हात वर.

ते गेले नाहीत. ओंडक्यावर बसले. मला बाहेर काढता येत नव्हतं आणि हार मानून जायचंही नव्हतं. मग आईने हळूच एक घमेलं उचललं आणि माझ्या पायांपाशी ओतलं. ताबुतनी मावशीने दुसऱ्या ओंडक्यावर कोयता चालवायला घेतला. सूर्य कलेपर्यंत मी तशीच तुडवत होते, हात दुखला की मूठ बदलत. बाबा फाटकातून आले, हे सगळं पाहिलं आणि गाईला पाणी पाजायला निघून गेले, गाय नुकतीच पाणी पिऊन आली होती तरी.

शेवटी प्लॅस्टिक पसरलं, वर माती टाकली, मातीवर दगड. कुगो उठले. "दूध मी पिणार नाही," म्हणाले. "पण हात खाली कर आता. बावळट दिसतेस."

*

झाकलं की उघडायचं नाही, असं वेकेसाने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी आईला सांगितलं होतं. पण आईने जन्मभर तुंबा भरला होता. आत कोळसा घासायचा, दूध ओतायचं, दुसऱ्या संध्याकाळी थोडं मुरलं की वर नवं ओतायचं, तुंबा काठोकाठ ठेवायचा. मी शाळेत असताना एका कोपऱ्यात माती खचलेली तिला दिसली. आत पोकळी झाली असणार, तिने ठरवलं. कोपरा उचलला, चर्चच्या आवारातलं उरलेलं ताजं गवत आत कोंबलं, पुन्हा झाकलं. मला बोलली नाही. मुरणाऱ्या गोष्टीला वर भर घालावी लागते, यात सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नाही.

जानेवारीत सगळी टेकडी तांबडी पडली. ओढा दगडांखालून वाहू लागला. बाबांचं हत्तीगवत कापून संपलं होतं, नुसती बुडखं उरली होती, चेलेल तीच चघळत होती. तिच्या फऱ्यावरची हाडं वर आली. एका शनिवारी दुपारी खड्डा उघडायचं ठरलं आणि कशी कोण जाणे बातमी फिरली. सोसायटीतले चार पुरुष कुंपणाला टेकून उभे. त्यांत तो दोन कासांवालाही होता.

मी कोपऱ्याकडून माती ओढली, प्लॅस्टिक उचललं. आतून काळा, बुळबुळीत लगदा निघाला, वर पांढरी बुरशी. असा वास, की कुंपणावरचा माणूस थुंकला.

"किरवा," तो म्हणाला, "गाईला घालायचं की शेताला?"

बाबांनी पुन्हा टोपी काढली. आई जवळ येऊन बसली आणि त्या लगद्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "हा कोपरा माझा आहे. मी वर भर घातली होती."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण ते चौघे ऐकत होते. मी गुडघ्यावर बसले आणि हातांनीच तो काळा लगदा उपसायला लागले. घमेलं, दुसरं घमेलं. नखांत, मनगटांवर, सगळीकडे घाण. कोणीतरी हसलं. आणखी आत हात घातला तर बोटांना कोरडं, घट्ट, थंड लागलं. ओढून काढलं. पिवळट हिरवा रंग, पात्याचं पातं ओळखू येत होतं, वेलाचं देठ वेगळं दिसत होतं. आणि वास आंबूस, गोडसर. आमच्या तुंब्याचं बूच काढल्यावर येतो तसाच.

मी ते चेलेलपुढे धरलं. तिने हुंगलं, तोंड बाजूला केलं. मग तिची जीभ बाहेर आली, एक चिमूट ओढून घेतली, आणि मग ती माझ्या हातासकट खायला लागली.

कुगो कधी आले ते कळलंच नाही. त्यांनी वाकून मूठभर उचललं, नाकाशी धरलं, एक काडी चावली, थुंकली. "गवतच आहे," म्हणाले. "आत ठेवलं म्हणून दुसरं काही झालं नाही त्याचं."

"मग माफी मिळाली का मला?"

"मला काय विचारतेस? गाईला विचार."

*

दूध वाढलं. एकदम नाही. आधी आटायचं थांबलं, मग एकेका दिवसाने चढत गेलं. सकाळचा कॅन गळ्यापर्यंत भरू लागला. आईने तुंबा भिंतीवरून उतरवला, कोळसा घासला. संध्याकाळी चहा दुधाचा होऊ लागला. कुगो पहिल्यांदा आले ते "सहज आलो" म्हणाले, नंतर तसं म्हणायचंही सोडलं.

बाबाही बदलले. आख्ख्या सोसायटीत जानेवारीत भरलेला कॅन एकट्या किरवाचा. मागच्या सभेत त्यांना पहिल्या बाकावर, मधोमध बसवलं. दोन कासांवाल्याने सरकून जागा दिली. घरी येताना बाबा चक्क शीळ घालत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि काल ते दुसरा कॅन घेऊन आले.

ऊन अजून गोठ्याच्या पत्र्यावर होतं. आई धार काढून आत आली होती, बादली तिच्या हातात होती. कुगो ओंडक्यावर वाटी घेऊन बसले होते. नवा कॅन इतका चकचकीत होता की त्यात आमचं दार वाकडं दिसत होतं. बाबांनी तो तिच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं.

"उद्या दोन कॅन न्यायचेत. आजपासून संध्याकाळचंही यात."

आई म्हणाली, "किरवाने सांगितलं होतं."

"तेव्हा गाय टिकेल असं कोणाला वाटलं होतं? सलीना, तिथे सगळ्यांसमोर मी दोन कॅन म्हणून आलोय. आता एकच नेऊ? पाऊस आला की घे की तुझी संध्याकाळ."

आईने मान खाली घातली आणि बादली हळूहळू कलती केली. पहिली धार कॅनच्या तळावर वाजली. तो आवाज मला चर्चच्या पायऱ्यांवरच्या केरसुणीसारखा वाटला.

मी खड्ड्याकडे गेले. प्लॅस्टिक उचललं, मूठभर मुरघास काढला, नीट झाकून दगड ठेवला आणि परत येऊन दोघांच्या मधे उभी राहिले.

"बाजूला हो," बाबा म्हणाले.

"नाही."

त्यांचा हात वर गेला. अर्ध्यावर त्यांना माझी मूठ दिसली, बोटांमधून आंबूस पाणी गळत होतं. ते तिथेच थांबले. त्यांनी कुगोंकडे पाहिलं. कुगो वाटीत बघत होते.

"ते खड्ड्यातलं आहे," बाबा म्हणाले.

"गवतच आहे," कुगो वाटीतूनच म्हणाले. "मी चावून पाहिलंय."

बाबांचा हात खाली आला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, मग टोपीवर गेला. आई बादली तशीच कलती धरून माझ्याकडे बघत होती.

"बाबा, गाय तुमची आहे. सकाळ तुमची. पण खड्ड्यात तुमचं एक पातं नाही. ते रस्त्याचं आहे, ओढ्याचं आहे, आईने झाडलेल्या पायऱ्यांचं आहे. कापायला ताबुतनी मावशी होती, तुम्ही नव्हता. म्हणून उद्यापासून खड्ड्यातलं अर्धं तिच्या गाईला जाणार, आणि तिच्या संध्याकाळच्या दुधातलं अर्धं आईच्या तुंब्यात येणार. तिच्याशी माझं अजून बोलणं झालं नाही, पण ती हो म्हणेल. राहिलेलं अर्धं चेलेलला. ज्या दिवशी संध्याकाळचं दूध आईकडे राहील, त्या दिवशी मी चेलेलला खड्ड्यातलं घालीन. ज्या दिवशी या कॅनमध्ये जाईल, त्या दिवशी तुमच्या हत्तीगवताची बुडखं घाला. मी कोणाला विचारत नाहीये, ठरवून सांगतेय. आई, बादली सरळ धर."